चौऱ्याहत्तर अंशांची झडप

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेल्या एका कुटुंबाकडे १९८४ सालची अ‍ॅम्बॅसिडर मार्क फोर गाडी अजून चालती आहे. पेढीचे जुने मालक आता ऐंशी ओलांडून पुढे गेले आहेत. त्यांना घरात आणि बाजारात सारेच अण्णा म्हणतात. गाडी मिळण्यासाठी पैसे भरून वाट पाहावी लागत असे, त्या काळात त्यांनी ती घेतली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावे लागणारे नोंदणीचे नूतनीकरण त्यांनी एकदाही चुकवले नाही. दोन्ही मुलांच्या वराती याच गाडीतून निघाल्या, आणि थोरल्या मुलाची मुलगी सासरी जाईल तीही याच गाडीतून, असे अण्णांनी फार पूर्वी बोलून ठेवले होते.

गेल्या फाल्गुनात त्या नातीच्या साखरपुड्यासाठी घरची मंडळी बेळगावला निघाली. दुपारी निघून सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे आणि तिथेच जेवावे, असा बेत होता. निपाणी मागे पडली, तवंदीचा घाट सुरू झाला आणि निम्म्या चढावर गाडीच्या काट्याने लाल रेघ गाठली. बॉनेटखालून वाफेचा लोट उठला. गाडी निवायला, पाणी मिळवायला आणि भरायला पावणेदोन तास गेले. बेळगावला पोहोचेपर्यंत दिवस मावळला होता. यजमानांनी पाने मांडून ठेवली होती, पण अण्णा त्या रात्री उपाशीच झोपले. त्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही. धाकट्या मुलाने मात्र परतीच्या वाटेवर स्पष्ट सांगितले, "लग्नाच्या दिवशी असे झाले तर व्याह्यांपुढे मान खाली जाईल. अण्णा, ही गाडी आता काढून टाकूया." अण्णा खिडकीबाहेर पाहत राहिले. थोरल्याने वैशाखापर्यंतची मुदत मागून घेतली.

गाडी तापण्याच्या दुखण्यावर आपल्याकडे सल्ले फुकट आणि भरपूर मिळतात. यार्डाजवळच्या गॅरेजमधील मिस्त्रींनी गाडीला हात न लावताच उपाय सांगितला, "थर्मोस्टॅट काढून फेकून द्या. आपल्या उन्हाळ्यात तो हवाच कशाला?" हा सल्ला महाराष्ट्रभर इतका रुजलेला आहे की, अनेक जुन्या गाड्यांच्या इंजिनांत ती जागा रिकामीच सापडते. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या भाच्याने फोनवर दुसरा मार्ग सुचवला. थर्मोस्टॅट काढायचा नाही, तर कमी तापमानाला उघडणारा बसवायचा. अ‍ॅम्बॅसिडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्यातले. त्याच घराण्याचे थोरले, १७९८ घनसेंटिमीटरचे इंजिन १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनला तयार होणाऱ्या एमजीबी या दोन आसनी गाडीत होते. त्या गाडीच्या माहितीपुस्तकात थर्मोस्टॅटचे तीन आकडे दिलेले असत : नेहमीसाठी ८२ अंश, थंड प्रदेशासाठी ८८ आणि उष्ण प्रदेशासाठी ७४. तिन्हींचा व्यास एकच, बसण्याची खाचही एकच. या जुन्या गाड्यांचे शौकीन तिकडे अद्याप पुष्कळ असल्याने सुटे भाग सहज मिळतात. पंधरा दिवसांत ७४ आकडा कोरलेली पितळी झडप सांगलीत येऊन पोहोचली. तिच्या किमतीपेक्षा टपालखर्च जास्त होता.

थर्मोस्टॅट म्हणजे काय, हे येथे नीट समजून घेतलेले बरे, कारण पुढचा सारा घोटाळा या एका गोष्टीच्या अर्ध्या समजुतीतून झाला. इंजिनाभोवती पाणी फिरते, ते उष्णता उचलते आणि पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन ती वाऱ्यावर सोडते. परंतु सकाळी गाडी सुरू होताच हे पाणी रेडिएटरकडे जाऊ दिले, तर इंजिन तापणारच नाही, आणि थंड इंजिन हेही एक दुखणेच असते. म्हणून वाटेत एक झडप ठेवलेली असते. तिच्या पोटात एका छोट्या डबीत विशिष्ट मेण भरलेले असते. ठरावीक तापमानाला मेण वितळते, वितळताना फुगते, एक दांडी पुढे ढकलते आणि झडप उघडते. पाणी निवले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप मिटवते. कोठे तार नाही, वीज नाही. ही मेणाची युक्ती सर्जियस व्हर्नेट या अमेरिकी संशोधकाने १९३० च्या दशकात काढली. त्यापूर्वी पातळ पत्र्याच्या घड्यांच्या डबीत चटकन वाफ होणारा द्रव भरून तेच काम करून घेत. पण पाण्याची व्यवस्था दाबाखाली ठेवण्याची पद्धत आल्यावर त्या घड्या दाबाने गोंधळू लागल्या. मेणाला दाबाचे फारसे सोयरसुतक नव्हते, म्हणून मेण टिकले.

कमी अंशांच्या झडपांचाही एक जुना इतिहास आहे. अमेरिकेतील हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून एके काळी लोक त्यात अल्कोहोल मिसळत. अल्कोहोल लवकर उकळून उडून जाई, म्हणून त्या दिवसांत सुमारे ७१ अंशांना उघडणारी झडप वापरत. पुढे सहज न उडणारे ग्लायकॉल आले, मग झडपांचे आकडे वर चढले. इंजिन अधिक गरम ठेवले तर पेट्रोल नीट जळते आणि धूर कमी होतो, असे दिसल्यावर ते आणखी चढले आणि ९० च्या आसपास आले. म्हणजे झडपेवरचा आकडा हा गाडी बांधणाऱ्याने इंधन, तेल, पाणी आणि हवामान यांचा हिशेब करून काढलेला असतो.

चैत्रातल्या एका रविवारी थोरल्याने काम काढले. आदल्या रात्रीच त्याने थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या तिन्ही नटांवर गंज सोडवणारे तेल शिंपडून ठेवले होते. ही दक्षता भाच्याने बजावून सांगितली होती. या इंजिनाचे झाकण अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाचे आणि त्यातून वर येणारे स्टड पोलादी. दोन धातूंच्या मध्ये पाण्याचा अंश शिरला की वर्षानुवर्षे पांढरा क्षार साचतो आणि झाकण स्टडांना धरून बसते. घाईने पहारीसारखा पेचकस घालून उचकटले तर झाकण तडकते, आणि जोराने फिरवले तर स्टड हेडमध्येच तुटतो. मग दहा मिनिटांच्या कामाचे दहा दिवस होतात.

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना त्याने रेडिएटरचे झाकण उघडले. गरम इंजिनाचे झाकण कधीच उघडू नये. त्या झाकणाच्या दाबामुळेच आतले पाणी शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. चौरस इंचाला सात पौंड जादा दाब असेल तर उकळबिंदू सुमारे १११ अंशांवर जातो. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. जळालेले हात घेऊन हा धडा शिकलेले लोक प्रत्येक गावात आहेत.

खालची तोटी सोडून त्याने चार-पाच लिटर पाणी काढले. सगळे काढण्याची गरज नव्हती, पातळी झाकणाच्या खाली आली की पुरे. पाणी तांबूस होते आणि त्यात थोडा हिरवा कूलंटही होता. अण्णा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. ते तेवढेच बोलले, "ते उघडे ठेवू नकोस रे. गोड असते, मांजर तोंड घालेल." खरेच, कूलंटमधले ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेले तर प्राणघातक असते. कुत्र्या-मांजरांचे बळी त्याने जगभर घेतले आहेत. पाणी लगेच झाकणाच्या डब्यात भरून ठेवले गेले.

अर्ध्या इंची पान्याने नट सुटले. झाकण मात्र हलेना. लाकडी ठोकळा धरून चहूबाजूंनी हलक्या हाताने ठोकता ठोकता तासाभराने ते एक केस वर आले, मग दोन केस, आणि शेवटी हातात आले. आत जुनी झडप होती. तिच्यावर ८२ आकडा स्पष्ट होता. कागदी पॅकिंगचे तुकडे दोन्ही पृष्ठांवर चिकटले होते. ते खरवडताना कचरा आत पडू नये म्हणून भोकात चिंधी कोंबली. खरवडण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक घरगुती कामे येथेच बिघडतात. जुन्या पॅकिंगचा नखाएवढा पापुद्रा राहिला तरी नवीन सांधा पाझरतो, आणि पाझर थांबवायला नट आवळत गेले की झाकण वाकते.

बसवण्यापूर्वी दोन्ही झडपांची परीक्षा घ्यायची होती. आईने स्वयंपाकघरातले भांडे देण्यास साफ नकार दिला. अखेर परसातल्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी तापत ठेवले, दोन्ही झडपा दोऱ्याने अशा टांगल्या की त्या बुडाला टेकणार नाहीत, आणि शेजारी काचेचा तापमापक धरला. नवीन झडप ७४ ला हलली. जुनी ८२ ओलांडताना उघडू लागली आणि पाणी उकळी धरण्याच्या बेतात असताना पूर्ण उघडली. पातेले खाली उतरवल्यावर दोन्ही आपापल्या वेळी मिटल्या. म्हणजे जुनी झडप ठणठणीत होती. ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या मनात भरली नाही. जिच्यावर गाडी तापवल्याचा आरोप होता, ती झडप पातेल्यातल्या पाण्यात निर्दोष ठरली होती, आणि तरीही तिला डब्यात टाकून नवी बसवण्यात आली.

मेणाची डबी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला, छोटे वायुछिद्र वरच्या अंगाला, नवीन पॅकिंग दोन्ही बाजूंनी पातळ लेप लावून. तिन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. पाणी भरून, झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले आणि बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली, कारण आत अडकलेली हवा ही स्वतःच गाडी तापवते. दुपारी गाडी विश्रामबागपर्यंत फिरून आली. पूर्वी मध्यावर राहणारा काटा आता मध्याच्या बराच खाली थांबला होता. घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

पुढच्या रविवारी खरी कसोटी झाली. अण्णांना न सांगता दोघे भाऊ गाडी घेऊन तवंदीच्या घाटात गेले. कोल्हापूरपर्यंत, कागलपर्यंत, निपाणीपर्यंत काटा खालीच होता. चढ सुरू झाला तसा तो उठला. साखरपुड्याच्या दिवशी गाडी जिथे थांबली होती, ती जागा ओलांडली तेव्हा थोरल्याने धाकट्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. त्यापुढच्या वळणावर गाडी उकळली.

एक वळण. इतकाच त्या परदेशी झडपेचा लाभ होता, आणि तो तेवढाच असणार होता. हा हिशेब पेढीवर बसणाऱ्या कोणालाही समजेल असा आहे. समजा, एखाद्या दुकानाचा नियम आहे की गल्ल्यात ८२ हजार जमले की रक्कम बँकेत भरायला माणूस पाठवायचा. मालकाने नियम बदलला, ७४ हजारांनाच माणूस निघेल असे ठरवले. मंदीच्या दिवसांत गल्ला नेहमी ७४ च्या आसपास दिसेल आणि मालकाला वाटेल, जोखीम कमी झाली. पण दिवाळीच्या गर्दीत तासाला वीस हजार जमा होत असतील आणि बँकेची खिडकी तासाला पंधराच मोजून घेत असेल, तर माणूस ७४ ला निघो की ८२ ला, गल्ला तासाला पाच हजारांनी फुगतच जाणार. फरक इतकाच की ओसंडण्याची वेळ थोडी लांबेल. झडप म्हणजे माणूस निघण्याचा नियम, आणि रेडिएटर म्हणजे बँकेची खिडकी. ज्या गाडीचे पाणी उकळते, तिची झडप त्या वेळी केव्हाच पूर्ण उघडलेली असते. पूर्ण उघडल्यावर ७४ ची झडप आणि ८२ ची झडप यांत काहीच भेद उरत नाही. झडप इंजिनाला किमान किती गरम ठेवायचे ते ठरवते, कमाल किती होईल ते तिच्या हातात नसते. अपवाद एकच : झडप मिटलेल्या अवस्थेत अडकलेली असेल तर. ती अडकलेली नाही, हे तर पातेल्याने आठ दिवसांपूर्वीच सांगितले होते.

दोघे भाऊ रात्री परतले. अण्णा जागे होते. त्यांनी काही विचारले नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातून लाल कापडी बांधणीची एक जाडजूड वही थोरल्यापुढे ठेवली. गाडी घेतल्या दिवसापासूनची ती वही. किती किलोमीटरला किती पेट्रोल, तेल केव्हा बदलले, टायर केव्हा टाकले, आणि रेडिएटरमध्ये पाणी केव्हा व कुठले घातले, तेदेखील. मुलांनी ही वही म्हाताऱ्या माणसाचा छंद म्हणून कधी उघडून पाहिली नव्हती.

वहीत जे होते ते असे. १९९७ पर्यंत पाण्याच्या नोंदी विरळ होत्या आणि पुढे 'नळ' असे लिहिलेले होते. त्या वर्षी गोदामात बोअर घेतली. तिथून पुढे 'बोअर' असा शब्द येऊ लागला. पंप जुना झाला, नळे पाझरू लागले, तशा या नोंदी दाट होत गेल्या, कधी महिन्यातून दोनदा, कधी आठवड्याला. आणि अलीकडच्या पाच-सहा उन्हाळ्यांत 'काटा वर' अशी टीप दिसू लागली होती. पहिल्या वर्षी एकदा, नंतर चारदा, नंतर दर चढाला. दुखण्याचा सगळा खतावणीतला उतारा समोर होता, आणि सल्ला मात्र साता समुद्रांपलीकडून मागवला गेला होता.

बोअरचे पाणी जड असते. त्यातला विरघळलेला चुना पाणी तापले की बाहेर पडतो आणि भांड्याच्या बुडाला बसतो. पाणी गरम करण्याच्या कांडीवर पांढरा थर ज्या कारणाने चढतो, तेच कारण येथेही. गाडीत तर आणखी एक भर पडते. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. वर घातलेले प्रत्येक तांब्याभर पाणी नवीन क्षार घेऊन येते. रेडिएटरच्या नळ्या चपट्या आणि अरुंद असतात. त्यांच्या आतून असा थर चढला की एकीकडे वाट आवळते आणि दुसरीकडे उष्णता बाहेर पडायला अडथळा होतो, कारण चुन्याचा थर उष्णता फार सावकाश वाहतो. सपाट रस्त्यावर, वारा भरपूर असताना, उरलेल्या नळ्या काम भागवतात. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोर लावते आणि गाडी मात्र संथ चालते, तेव्हा खिडकी अपुरी पडते.

त्याच संध्याकाळी थोरल्याने एक साधी परीक्षा केली. गाडी फिरवून आणली, इंजिन बंद केले आणि रेडिएटरच्या अंगावरून जपून हात फिरवला. वरचा भाग चटका बसेल इतका गरम, आणि खालच्या अर्ध्यात मधोमध एक पट्टा जवळजवळ गार. जिथे गार, तिथून पाणी जात नव्हते. ही परीक्षा झडप मागवण्यापूर्वी करता आली असती आणि तिला दमडीही लागली नसती.

रेडिएटर उतरवून मिरजेच्या एका कारागिराकडे दिला. या जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असतात, त्यामुळे डाग उकलून वरची टाकी वेगळी करता येते आणि प्रत्येक नळीतून सळई फिरवता येते. आजच्या गाड्यांच्या प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरवर ही मेहरबानी करता येत नाही, तो बहुधा बदलावाच लागतो. टाकी उघडली तेव्हा निम्म्याच्या आसपास नळ्यांची तोंडे भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारख्या थराने बुजलेली होती. कारागीर मोठा मिश्कील होता. त्याने मूठभर खडे कागदात बांधून दिले आणि म्हणाला, "साहेब, इतका चुना तर आमच्या पानपट्टीवाल्याकडेही नसतो." इंजिनाच्या आतील पाण्याच्या वाटा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने दोनदा धुतल्या. नवीन झाकण, नवे नळे, आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये योग्य प्रमाणात कूलंट. पंख्याचा पट्टा ढिला होता, तोही ताणून घेतला.

वैशाखात लग्न झाले. भर दुपारी गाडी तवंदीचा घाट चढली. अण्णा पुढच्या आसनावर होते आणि त्यांची नजर रस्त्यावर कमी, काट्यावर जास्त होती. काटा मध्याच्या जरा वर गेला आणि माथ्यावर पोहोचताच परतला. दुसऱ्या दिवशी नात त्याच गाडीतून सासरच्या दारात उतरली. धाकट्याने गाडी विकण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

गोष्ट येथे संपली असती, परंतु ७४ ची झडप अजून इंजिनातच होती. तिने काही बिघडवले नव्हते आणि बदलण्याचे कारणही दिसत नव्हते. श्रावणात तेल तपासताना थोरल्याने तेलाचे झाकण उघडले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट पांढरा लेप दिसला. हेड गॅस्केट गेले की पाणी तेलात शिरून असाच लेप दिसतो, म्हणून तो घाबरला. पण रेडिएटरची पातळी तसूभरही उतरली नव्हती आणि दांडीवरचे तेल स्वच्छ होते. खुलासा वहीतच होता. लग्नानंतर गाडी रोज घर ते यार्ड एवढीच धावत होती, तीन किलोमीटर जायचे, तीन यायचे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा काही अंश पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरतो. इंजिन पुरेसे आणि पुरेसा वेळ गरम राहिले तर ती उडून जाते. पावसाळी हवा, तीन किलोमीटरची धाव आणि त्यात लवकर उघडून पाणी थंड ठेवणारी झडप, अशा तिन्ही गोष्टी जुळल्यावर वाफ झाकणाखाली निवून तेलात घुसळली जात होती. न जळलेल्या पेट्रोलचा अंशही असाच तेलात उतरतो, तेल पातळ होते आणि सिलिंडरची झीज वाढते. ही झीज काट्यावर दिसत नाही. कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर हा अण्णांच्या वहीतला स्तंभही वैशाखापासून थोडा खाली आला होता.

ज्यांच्याकडे नव्या, संगणकाच्या हुकमाने पेट्रोल सोडणाऱ्या गाड्या आहेत, त्यांच्या बाबतीत हा हिशेब आणखी कडक आहे. अशा गाडीचा संगणक पाण्याचे तापमान पाहूनच इंधन किती द्यायचे ते ठरवतो. पाणी अपेक्षेइतके तापले नाही, तर इंजिन अजून थंड आहे असे समजून तो जादा पेट्रोल देऊ शकतो, आणि काही वेळाने पिवळा दिवा लावून 'पी ०१२८' हा दोष नोंदवतो. त्याचा अर्थच असा की, पाणी थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचत नाही. अशा गाडीत उत्पादकाने नेमलेलाच थर्मोस्टॅट घालावा. थर्मोस्टॅट मुळीच न ठेवण्याचा मिस्त्रींचा उपाय तर कोणत्याच गाडीला मानवत नाही. काही इंजिनांत तीच झडप पूर्ण उघडताना पाण्याची आतली आडवाट बंद करते. ती काढली की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच इंजिनात परत जाते, आणि थंडीत थंड राहणारी गाडी घाटात पूर्वीपेक्षा लवकर तापते.

भाद्रपदातल्या एका रविवारी पुन्हा पाना निघाला. या वेळी झाकण वीस मिनिटांत हातात आले, कारण स्टडांना ग्रीस लावलेले होते. पातेल्यात निर्दोष ठरलेली ८२ ची झडप डब्यातून निघून आपल्या जागी बसली. अण्णांनी वही मागवून घेतली, तारीख घातली, किलोमीटर लिहिले, आणि जमेच्या बाजूला ८२ तर नावेच्या बाजूला ७४ अशी नोंद केली. ती इंग्लंडहून आलेली झडप त्यांनी रेडिएटरच्या चुन्याच्या पुडीशेजारी, टेबलाच्या वरच्या खणात ठेवून दिली.